अर्ध्या मिलिव्होल्टचे उंचवटे

निबंधातलं पहिलंच चित्र दोन भागांचं आहे. बेडकाच्या पायातल्या स्नायूचा एक तंतू, त्यात टोचलेली काचेची पोकळ सुई, आणि त्या सुईने टिपलेल्या विजेच्या रेषा. पहिल्या भागात सुई नेमकी तिथे आहे जिथे मज्जातंतूचं टोक स्नायूला भिडतं. दुसऱ्या भागात ती त्याच तंतूवर दोन मिलिमीटर दूर आहे. वरच्या रेषा घेताना मज्जातंतूला कोणी झटका दिलेला नाही, स्नायू स्वस्थ आहे. तरीही पहिल्या भागातली रेषा सपाट राहत नाही. मध्येच एक बारीक उंचवटा येतो, झपकन चढतो, सावकाश उतरतो. थोड्या वेळाने दुसरा. मग दोन लागोपाठ. मग बराच वेळ काहीच नाही. दोन मिलिमीटरवरची रेषा, तितकीच मोठी करून दाखवलेली, अगदी शांत आहे. खाली तुलनेसाठी मज्जातंतूला झटका दिल्यानंतरच्या नोंदी आहेत: भेटीच्या जागी आधी एक पायरी दिसते आणि त्या पायरीवरून पूर्ण विद्युत्संदेश उसळतो, दूरच्या जागी पायरीशिवाय नुसता संदेश येऊन जातो.

पॉल फॅट आणि बर्नार्ड कॅट्झ यांचा हा निबंध १९५२ साली ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’मध्ये छापून आला. वीस पानं. विषय एवढाच, की विश्रांतीत असलेल्या स्नायूच्या त्या एका जागी हे उंचवटे का उठतात. त्यांची उंची साधारण अर्धा मिलिव्होल्ट. स्नायुतंतूच्या आत आणि बाहेर विश्रांतीतही सुमारे ९० मिलिव्होल्टचा फरक असतो आणि मज्जातंतूच्या एका संदेशाने एंड प्लेटवर, म्हणजे त्या भेटीच्या जागेवर, जो बदल घडतो त्याच्या मानाने हे उंचवटे शंभराव्या हिश्शाचे आहेत. इतक्या क्षुल्लक गोष्टीवर वीस पानं लिहिणाऱ्या या निबंधाचं रसग्रहण करावंसं वाटतं, कारण त्याची रचना मला मराठीतल्या कुठल्याही उत्तम गद्याइतकी बांधेसूद वाटत आली आहे. कविता वाचताना आपण विचारतो की कवीने हाच शब्द का घेतला. इथे विचारायचं ते असं: या दोघांनी हेच औषध का घेतलं, आणि ते याच ठिकाणी का घातलं?

आधी थोडी पार्श्वभूमी. कॅट्झ मूळचे लाइपझिगचे. नाझी राजवटीत ज्यू तरुणाला तिथे भवितव्य उरलं नाही, तेव्हा १९३५ साली ते लंडनला ए. व्ही. हिल यांच्याकडे आले. पुढे सिडनीत जॉन एकल्स आणि स्टीफन कुफ्लर यांच्यासोबत मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम केलं. युद्धात ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलात रडार अधिकारी म्हणून नोकरी केली. १९४६ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनला परतले. रडारच्या पडद्यावर खरा संकेत कुठला आणि यंत्राची खरखर कुठली, हे ओळखण्याचं काम ज्याने केलं आहे, त्याच माणसाने काही वर्षांनी ऑसिलोस्कोपवरच्या खरखरीसारख्या दिसणाऱ्या उंचवट्यांकडे दुर्लक्ष केलं नाही, यात मला अर्थ दिसतो. कदाचित मी जास्त जोडतो आहे. पण १९५० साली ‘नेचर’मध्ये त्यांनी या निरीक्षणाची पहिली छोटी टिपणी दिली, तेव्हा तिच्या शीर्षकातच जैविक ‘नॉइज’ हा शब्दप्रयोग होता.

हे दिसू शकलं ते सुईमुळे. शिकागोत गिल्बर्ट लिंग आणि राल्फ जेरार्ड यांनी अर्ध्या मायक्रॉनहूनही बारीक टोकाची काचेची नळी स्नायुतंतूत शिरवून, तंतूला फारशी इजा न करता आतला विद्युतदाब मोजता येतो हे १९४९ साली दाखवलं होतं. फॅट आणि कॅट्झ यांनी ती सुई एंड प्लेटवर आणली. एवढ्या नाजूक नोंदीत वाचकाच्या मनात पहिली शंका येणार ती हीच, की हा सगळा सुई टोचल्याचाच परिणाम तर नसेल? म्हणूनच ते पहिलं चित्र दोन भागांचं आहे. सुई दोन्हीकडे सारखीच टोचली आहे. उंचवटे मात्र एकाच जागी. शंका उच्चारली जाण्याआधी तिचं उत्तर चित्राच्या मांडणीतच दिलेलं आहे. मला वाटतं, निबंधाचा सूर इथेच ठरतो.

जागा ठरल्यावर प्रश्न उरतो: हे कशाने घडतं? हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ साली दाखवलं होतं, की मज्जातंतूला झटका दिला की त्याच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडतं. पण संदेश खरोखर रसायनाने ओलांडला जातो की विजेने, हा वाद त्यानंतरही बराच काळ चालला. फॅट-कॅट्झ वादाची उजळणी करत बसत नाहीत. ते क्युरारे घालतात.

क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या जंगलात शिकारीच्या बाणांना लावलं जाणारं वनस्पतिज विष. फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बेडकावर दाखवलं होतं, की या विषाने लुळा पडलेला स्नायू थेट विजेच्या झटक्याने आकुंचन पावतो, त्याचा मज्जातंतूही शाबूत असतो. बिघाड होतो तो दोघांच्या मधल्या जागेत. आज आपण सांगू शकतो की क्युरारेचे रेणू स्नायूच्या पडद्यावरचे ॲसिटिलकोलीनचे रिसेप्टर अडवून बसतात. हा रिसेप्टर स्वतःच एक आयन चॅनेल आहे: ॲसिटिलकोलीन चिकटलं की तो उघडतो, सोडियम आत शिरतो, थोडा पोटॅशियम बाहेर जातो आणि स्नायूचा विद्युतदाब उतरतो. १९५२ साली ‘आयन चॅनेल’ हा शब्द आजच्या अर्थाने रुळलेला नव्हता. फॅट आणि कॅट्झ यांनी आदल्या वर्षीच्या एका दीर्घ निबंधात मात्र एवढं मांडलं होतं, की ॲसिटिलकोलीनमुळे पडद्याला जणू त्या जागी शॉर्ट सर्किट होतं, अनेक आयनांना एकदम वाट मिळते.

तर क्युरारे घातल्यावर उंचवटे लहान होतात. प्रोस्टिग्मिन घातल्यावर मोठे होतात आणि जास्त वेळ टिकतात; कारण प्रोस्टिग्मिन ॲसिटिलकोलीन तोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं आणि रसायन त्या जागी रेंगाळतं. दोन औषधं, विरुद्ध दिशांचे दोन परिणाम, आणि दोन्ही ॲसिटिलकोलीनकडेच बोट दाखवणारे. उंचवटा ॲसिटिलकोलीनमुळे येतो हे सिद्ध झालं. इथे सामान्य लेखक समाधानाने थांबला असता.

निबंधाचा गाभा यानंतर येतो, आणि तो मी पुन्हा पुन्हा वाचतो. प्रश्न असा: मज्जातंतूच्या टोकातून विश्रांतीतही ॲसिटिलकोलीनचे रेणू एक-एक करून गळत असतील, आणि एकेका रेणूचा स्नायूवरचा आघात म्हणजेच एकेक उंचवटा, असं का मानू नये? कल्पना साधी आहे, आकर्षकही आहे. रेणूंची आपसूक चाललेली धडपड आपल्याला थेट दिसते आहे, असं मानण्याचा मोह कुणालाही झाला असता. फॅट आणि कॅट्झ हा मोह त्याच क्युरारेच्या नोंदीने मोडून काढतात. उंचवटा एकाच रेणूचं काम असता, तर क्युरारेच्या समोर त्या रेणूचं काय झालं असतं? त्याला मोकळा रिसेप्टर मिळाला असता, म्हणजे पुरा उंचवटा आला असता. किंवा मिळाला नसता, म्हणजे काहीच आलं नसतं. म्हणजे क्युरारे वाढवत गेल्यावर उंचवटे विरळ व्हायला हवे होते, पण जे येतील ते पूर्वीच्याच उंचीचे. प्रत्यक्षात उलट घडतं. सगळे उंचवटे मिळून हळूहळू बुटके होत जातात आणि शेवटी यंत्राच्या खरखरीत हरवतात. अशी सलग, हळूहळू होणारी घट शक्य आहे ती प्रत्येक उंचवट्यामागे फार मोठ्या संख्येने रेणू एकाच वेळी काम करत असतील तरच. म्हणजे मज्जातंतूचं टोक ॲसिटिलकोलीन सुटं सांडत नाही; ते बांधलेल्या पुडीने देतं. वाण्याच्या दुकानात पुडी मिळते किंवा मिळत नाही, अर्धी मिळत नाही, तसं.

एकच औषध दोन वेळा वापरलं आहे हे लक्षात घ्यावं. पहिल्यांदा त्याने रसायनाची ओळख पटवली. दुसऱ्यांदा, नवा प्रयोग न करता, त्याच नोंदीने रसायनाची मांडणी सांगितली. पहिल्या वेळी ‘परिणाम कमी झाला’ एवढंच पुरेसं होतं. दुसऱ्या वेळी ‘कसा कमी झाला’ हे विचारलं गेलं. औषधशास्त्रातल्या किती निबंधांत हा दुसरा प्रश्न विचारलाच जात नाही! औषधाने परिणाम घटला किंवा वाढला, आलेख खाली आला किंवा वर गेला, इथेच बहुतेकांची नजर थांबते.

उंचवटे कधी येतील याला नेम नाही, हेही त्यांनी नुसतं म्हणून सोडलं नाही. लागोपाठच्या दोन उंचवट्यांमधली शेकडो अंतरं मोजली आणि ती पूर्णपणे यादृच्छिक घटनांच्या गणिताला जुळतात हे दाखवलं: आत्ताच एक येऊन गेला म्हणून पुढचा उशिरा येईल असं नाही, बराच वेळ आला नाही म्हणून लवकर येईल असंही नाही. सुमारे आठशे अंतरांची ही मालिका पुढे संख्याशास्त्रज्ञांनी उचलली. डेव्हिड कॉक्स आणि पीटर लुइस यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात ती उदाहरण म्हणून वापरली आणि आजही संख्याशास्त्राचे विद्यार्थी ती आकडेवारी सोडवतात, बेडकाचा विचारही मनात न आणता.

मज्जातंतू कापून तो झिजू दिला की उंचवटे बंद पडतात, हेही या निबंधात आहे. पुड्या मज्जातंतूच्या टोकातून येतात, स्नायूतून नाही, याचा हा पुरावा. इथे नंतर थोडी दुरुस्ती करावी लागली. १९६० साली रिचर्ड बर्क्स, कॅट्झ आणि रिकार्डो मिलेदी यांनी दाखवलं की बेडकाच्या अशा स्नायूत काही दिवसांच्या शांततेनंतर उंचवटे पुन्हा सुरू होतात आणि ते मज्जातंतूच्या रिकाम्या जागी आलेल्या श्वान पेशींमधून (मज्जातंतूला वेढून असणाऱ्या आधारपेशींमधून) येतात. आपल्याच निबंधातल्या एका स्वच्छ निष्कर्षाला आठ वर्षांनी कॅट्झ यांनी स्वतःच पुरवणी जोडली. मूळ युक्तिवाद त्याने डळमळला नाही, पण वाचकाने तो निबंध या पुरवणीसह वाचायला हवा.

हे झालं आपोआप येणाऱ्या उंचवट्यांचं. झटक्याने येणारा प्रतिसादही याच पुड्यांचा बनलेला असतो का? त्यासाठी आता मॅग्नेशियम. बाहेरच्या द्रवात कॅल्शियम कमी आणि मॅग्नेशियम जास्त केलं तर मज्जातंतूच्या झटक्याला स्नायूचा प्रतिसाद क्षीण होतो. क्युरारेनेही तो क्षीण होतो. वरवर पाहता दोन्ही एकच. पण मॅग्नेशियमच्या द्रवात दर झटक्याचा प्रतिसाद वेगळा येतो: कधी अगदी काहीच नाही, कधी एका उंचवट्याएवढा, कधी दोन उंचवट्यांएवढा, कधी तीन. सगळ्यात लहान प्रतिसादाची उंची बरोबर आपोआप येणाऱ्या उंचवट्याइतकी. आणि त्या आपोआप येणाऱ्या उंचवट्यांची उंची मॅग्नेशियमने फारशी बदलत नाही. क्युरारे पुडीचा परिणाम कमी करतं. मॅग्नेशियम पुड्यांची संख्या. होसे देल कास्तियो आणि कॅट्झ यांनी १९५४ साली याचं गणित मांडलं, आणि १९५६ मध्ये इयन बॉइड आणि ए. आर. मार्टिन यांनी मांजरीच्या स्नायूवर ते पडताळलं. त्यांच्या एका मालिकेत १९८ झटके होते. सरासरी एका झटक्यामागे २.३३ पुड्या. हे घडणं खरोखर यादृच्छिक असेल तर १९८ पैकी सुमारे १९ वेळा एकही पुडी सुटू नये, असं पॉयसनचं सूत्र सांगतं. प्रत्यक्षात १८ वेळा सुटली नाही. हा आकडा मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा दरवेळी वर्गात कुणी तरी वहीतून मान वर काढतं.

मॅग्नेशियम हे कसं करतं याचं उत्तर पुढे मिळत गेलं. विद्युत्संदेश मज्जातंतूच्या टोकाशी पोचला की तिथले कॅल्शियमचे चॅनेल उघडतात. आत शिरलेल्या कॅल्शियममुळे पुड्या पडद्याला भिडून फुटतात. मॅग्नेशियम या चॅनेलमध्ये कॅल्शियमच्या आड येतं. यात संदेशाचा वाटा कोणता आणि कॅल्शियमचा कोणता, हे वेगळं करण्यासाठी कॅट्झ आणि मिलेदी यांनी १९६७ च्या सुमाराला टेट्रोडोटॉक्सिन वापरलं. हे पफर माशाचं विष सोडियमचे चॅनेल बंद करतं, म्हणून मज्जातंतूत संदेश धावूच शकत नाही. तरीही टोकालाच बारीक इलेक्ट्रोडने विद्युतदाब दिला तर ॲसिटिलकोलीन सुटतं, अट एवढीच की बाहेर कॅल्शियम हवा. सोडियमचं काम संदेश तिथवर आणण्याचं. पुडी सोडणं कॅल्शियमचं. इथेही विषाची निवड अशी केली आहे की एक गोष्ट बंद पडावी आणि बाकी सगळं चालू राहावं.

पुडी म्हणजे प्रत्यक्षात काय, हे १९५२ च्या निबंधात नाही. ते लिहिणं सोपं होतं, कारण कल्पना समोरच होती; पण पुरावा नव्हता म्हणून त्यांनी ती मोकळी ठेवली. दोन-तीन वर्षांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मज्जातंतूंच्या टोकांत सुमारे ५० नॅनोमीटर व्यासाच्या असंख्य पिशव्या दिसल्या, आणि मग देल कास्तियो व कॅट्झ यांनी एक पिशवी म्हणजे एक पुडी असं सुचवलं. १९७५ साली कुफ्लर आणि डोजू योशिकामी यांनी मोजून दाखवलं की एका पुडीत ॲसिटिलकोलीनचे दहा हजारांहून कमी रेणू असतात.

मला अधिक थक्क करणारी गोष्ट मात्र स्नायूच्या बाजूला घडली. क्युरारेने उंचवटा हळूहळू बुटका होतो, म्हणून त्यामागे अनेक रेणू आहेत, असं १९५२ मध्ये ठरलं. मग त्या अनेकांतल्या एकेकाचा परिणाम किती? १९७० साली कॅट्झ आणि मिलेदी यांनी एंड प्लेटवर ॲसिटिलकोलीन संथपणे सोडत ठेवलं आणि पाहिलं की विद्युतदाब उतरतो तेव्हा रेषाही किंचित जाड होते, थरथरते. पुन्हा खरखर! वीस वर्षांनी, त्याच माणसाच्या पडद्यावर. त्या थरथरीच्या गणितातून त्यांनी काढलं की एका मूळ घटनेचा परिणाम सुमारे ०.३ मायक्रोव्होल्ट असतो आणि ती साधारण एक मिलिसेकंद टिकते. अर्धा मिलिव्होल्ट भागिले ०.३ मायक्रोव्होल्ट केलं तर एका पुडीने सुमारे सोळा-सतराशे चॅनेल उघडत असावेत हा अंदाज हाती येतो. १९७६ मध्ये एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांनी बेडकाच्याच स्नायूवर, पडद्याच्या इवल्या तुकड्याला काचेची नळी लावून, एकेका चॅनेलचा प्रवाह प्रत्यक्ष पाहिला. तो चौकोनी असतो: एकदम सुरू, एकदम बंद. आणि या पातळीवर क्युरारे काय करतं? एका चॅनेलचा प्रवाह ते लहान करत नाही. उघडण्याच्या घटना विरळ करतं. म्हणजे एकाच रेणूच्या कल्पनेने जे घडायला हवं होतं आणि १९५२ मध्ये जे घडलं नाही, ते एक पातळी खाली उतरल्यावर अक्षरशः तसंच घडताना दिसतं. तो युक्तिवाद एक चुकीचं उत्तर खोडण्यासाठी रचला होता आणि तरी त्याची मोजपट्टी अचूक होती, हे मला या संपूर्ण संशोधनाचं सर्वांत सुंदर अंग वाटतं.

स्थानिक भूल देणाऱ्या औषधांची गोष्ट तर याहून वेगळी. लिडोकेनच्या कुळातले काही रेणू एंड प्लेटवर टाकले तर चौकोनी प्रवाहाचे तुकडे पडतात. चालू-बंद, चालू-बंद अशी भराभर लुकलुक सुरू होते. नेहर आणि जो स्टाइनबाक यांनी १९७८ मध्ये हे नोंदवलं आणि अर्थ लावला: औषधाचा रेणू उघड्या चॅनेलच्या आतच जाऊन अडकतो, क्षणात सुटतो, पुन्हा अडकतो. क्युरारे चॅनेलला उघडूच देत नाही, हा रेणू तो उघडण्याची वाट पाहतो. स्नायूच्या एकूण ताकदीवर दोघांचा परिणाम सारखाच, अशक्तपणा. फरक दिसण्यासाठी तितक्या खाली उतरावं लागतं.

दवाखान्यात हा सगळा भेद रोज लागतो. गरोदरपणात एक्लॅम्प्सियाचे झटके थांबवण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट दिलेल्या बाईच्या गुडघ्यावर दर काही वेळाने हातोडी मारून बघतात. रक्तातलं मॅग्नेशियम फार वाढलं तर आधी गुडघ्याची ती उडी जाते आणि मग श्वासाचे स्नायू मंदावतात. अशा वेळी द्यायचं कॅल्शियम ग्लुकोनेट प्रसूतिगृहात हाताशी ठेवलेलं असतं. प्रयोगशाळेतल्या बेडकाच्या द्रवात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं जे परस्परांशी झुंजणं दिसलं, तेच इथे आहे.

लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोममध्ये रुग्णाच्या शरीरात मज्जातंतूच्या टोकावरच्या कॅल्शियम चॅनेलविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. १९६८ साली डॅनियल एल्मक्विस्ट आणि एडवर्ड लॅम्बर्ट यांनी अशा रुग्णाच्या बरगड्यांमधल्या स्नायूत सुई घालून पाहिलं: उंचवट्यांची उंची ठीक, झटक्यामागच्या पुड्या फार कमी. मॅग्नेशियमचंच चित्र. म्हणून त्याचं औषध दुसऱ्याच चॅनेलवर काम करतं. ३,४-डायॲमिनोपिरिडीन पोटॅशियमचे चॅनेल अडवतं. विद्युत्संदेश संपायला वेळ लागतो, उरलेसुरले कॅल्शियम चॅनेल जास्त वेळ उघडे राहतात आणि पुड्यांची संख्या वाढते. नुकसान कॅल्शियमच्या चॅनेलचं आणि भरपाई पोटॅशियमच्या चॅनेलवरून, ही युक्ती मला फार देखणी वाटते.

मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू अशक्त करणाऱ्या आजाराची कथा मात्र सावध करणारी आहे. १९३४ साली ग्रीनिचच्या सेंट आल्फेज रुग्णालयातल्या मेरी वॉकर यांना या रुग्णांचा अशक्तपणा क्युरारेच्या विषबाधेसारखा वाटला आणि त्यांनी प्रोस्टिग्मिनसारखंच काम करणारं फायसोस्टिग्मिन देऊन पाहिलं. पापण्या उचलल्या गेल्या, हात वर आले. पुढे १९६४ मध्ये एल्मक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या स्नायूत उंचवटे बुटके असल्याचं मोजलं. नोंद निर्दोष होती. पण त्यांनी अर्थ लावला तो असा, की पुडीतच ॲसिटिलकोलीन कमी भरलं जातं. बुटका उंचवटा दोन कारणांनी होऊ शकतो: पुडी हलकी असेल, किंवा घेणारे रिसेप्टर कमी असतील. उंची मोजून या दोघांतला फरक कळत नाही. तो कळायला सापाचं विष लागलं. तैवानमध्ये चांग आणि ली यांनी १९६३ मध्ये तिथल्या एका मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळं केलं होतं, जे रिसेप्टरला इतकं घट्ट चिकटतं की त्याला किरणोत्सारी खूण लावून रिसेप्टर मोजता येतात. १९७३ साली डग्लस फॅमब्रो, डॅनियल ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी रुग्णांच्या स्नायूंत ते मोजले. ते खूपच कमी भरले. त्याच वर्षी पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विजेच्या ईल माशाचे रिसेप्टर सशांना टोचून त्यांच्यात तसाच अशक्तपणा उत्पन्न केला. मेरी वॉकर यांना रुग्णाकडे पाहून जे क्युरारे आठवलं होतं, ते योग्य बाजूचं आठवलं होतं.

चांग आणि ली यांनी त्याच विषातून बीटा-बंगारोटॉक्सिनही काढलं होतं, आणि ते सांध्याच्या दुसऱ्या बाजूला, मज्जातंतूच्या टोकावर काम करतं. आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांत या दोन बाजूंचा फरक पावसाळ्यात ठळक दिसतो. नागाचं मज्जाविष मुख्यतः स्नायूच्या रिसेप्टरवर बसतं, क्युरारेसारखं. म्हणून प्रतिविषाबरोबर ॲट्रोपिन आणि निओस्टिग्मिन दिल्यावर (निओस्टिग्मिन म्हणजे तेच प्रोस्टिग्मिन) पडलेल्या पापण्या कधी-कधी डोळ्यांदेखत उचलल्या जातात. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची खूण नीट दिसतही नाही, पहाटे पोट दुखतं आणि मग पापण्या मिटायला लागतात. तिच्या विषातला एक भाग पोटॅशियम चॅनेलला धरून टोकाशी जागा पकडतो आणि दुसरा भाग तिथला पडदा कुरतडतो. पुड्या सुटतच नाहीत; मग सुटलेलं ॲसिटिलकोलीन टिकवून धरणारं निओस्टिग्मिन इथे सहसा उपयोगी पडत नाही, आणि एकदा टोकं झिजली की प्रतिविषही ती परत आणू शकत नाही. अशा रुग्णाला श्वासाचा आधार द्यावा लागतो, कधी दिवस, कधी त्याहून जास्त, मज्जातंतूची टोकं नव्याने वाढून पुड्या पुन्हा सुटू लागेपर्यंत.